परतीचं बटण

बाजारात भोंगेकाकांचं खरं नाव विचाराल तर लोक डोकं खाजवतील. चाळीस वर्षं त्यांनी बसलेले स्पीकर आणि फाटके भोंगे दुरुस्त केले, आणि त्यांचा स्वतःचा आवाजही असा, की दुकानातल्या स्टुलावरून न उठता ते गल्लीच्या टोकाला चहा सांगायचे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बायकोने त्यांना सांगितलं होतं, "अहो, मी समोरच बसलेय." काकांनी आवाज खाली आणला, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

त्यांचं काम नाजूक. स्पीकरच्या पोटात केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, कॉइल. ती जळली की काका नवी गुंडाळत. मग ती लोहचुंबकाच्या अरुंद फटीत अगदी मधोमध बसवायची; गोंद वाळेपर्यंत हलू नये म्हणून फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचून ठेवायच्या. त्यामुळे कुणाचाही एक्स-रे हातात आला की काकांना त्यात हाड दिसत नसे, पट्ट्या दिसत. शेवटी परीक्षा. स्पीकर छातीशी कवटाळायचा, कान टेकवायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी समोरचा कागदी शंकू, कोन, हळूच आत दाबायचा. कॉइल कुठे घासत असेल तर कानाला कळतं, आणि कान चुकला तर छातीला कळतं. काकांनी हे असं लाखभर वेळा तरी केलं असेल.

पार्किन्सन्सने सुरुवात केली ती उजव्या अंगठ्यापासून. जणू मुद्दाम शोधून काढला. पुढे हात, मग पाय, मग औषधांच्या वेळांवर बेतलेला दिवस, आणि सहाव्या वर्षी डॉक्टरांनी डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं ऑपरेशन सुचवलं. मेंदूत दोन तारा, त्या कानामागून मानेतून कातडीखालून खाली आणायच्या आणि गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढी डबी बसवायची. डबीतून वीज जाणार, हात थांबणार. काकांनी सर्जनला एकच प्रश्न विचारला, "तारा गुंडाळायला माणूस चांगला आहे ना?" ऑपरेशननंतर आपल्याच कवटीचा एक्स-रे पाहून ते भाच्याला म्हणाले, "जाड फिल्म आहे रे. चाळीस पट्ट्या निघतील."

यंत्र सुरू केलं त्या दिवशी त्यांचा हात टेबलावर नुसता पडून राहिला. शांत. काका हाताकडे पाहत राहिले आणि ढसाढसा रडले. काकूही रडल्या. इथवर सगळं छान होतं.

मग डॉक्टरांनी पथ्यं सांगितली. त्यांतलं एक असं: लोहचुंबक छातीपासून हातभर लांब ठेवायचं, कारण या जातीच्या डबीचा खटका चुंबकाने पडतो. चुंबक पाच सेकंद जवळ राहिलं की यंत्र बंद. काका हसायलाच लागले. ज्या हातासाठी कवटीला भोकं पाडून घेतली तो हात मिळाला, आणि तो वापरायचा ते अख्खं दुकान चुंबकांनी भरलेलं! धंदा भाच्याकडे गेला. काका दुकानासमोर रस्त्यापलीकडच्या पायरीवर बसून तोंडाने धंदा करू लागले. "तार ओढू नकोस, सोड. गोंद कमी. अजून कमी. लग्नाची पत्रिका चिकटवतोयस का?" भाचा पस्तिशीचा बाप्या, पण मामाच्या शिव्या खात बरं काम करायचा. हाताचं काम गेलं तरी आवाज होता, आणि त्या आवाजावर काका अजून मास्तर होते.

तो आवाज गेला त्याची गोष्ट बाथरूमपासून सुरू होते. ऑपरेशनला वर्ष झालं असेल. काकांनी आतून कडी लावली, त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले आणि ते आडवे पडले. उठता येईना, कडीपर्यंत हात पोचेना. सुतार येऊन दार काढेपर्यंत दोन तास गेले. काकू दाराबाहेर बसून होत्या. त्या दोन तासांनी काकूंच्या मनात जी भीती बसली ती बसलीच. घरातल्या सगळ्या कड्या त्यांनी त्याच सुताराकडून काढून घेतल्या. बाथरूमला आता नुसतं ढकलायचं दार आहे, आणि काका आत असले की काकू बाहेर उभ्या. यंत्राचा रिमोट छोट्या पिशवीत घालून त्यांनी गळ्यात अडकवला. आणि दर तीन महिन्यांनी हॉस्पिटलात यंत्र तपासणाऱ्या बाईंना त्या सांगू लागल्या, "अजून थोडं वाढवा."

बाई वाढवत गेल्या. पाय सुटले, हात लोण्यासारखा झाला, काका पुन्हा म्हणून पडले नाहीत. पण प्रत्येक वाढीला जीभ जड होत गेली. विजेचा तो शेजारधर्म होता; हाताच्या तारेतली वीज थोडी जिभेकडेही जायची. आधी काही अक्षरं गेली, मग शब्द एकमेकांना चिकटले, आणि वर्षभरात असं झालं की काका पोटतिडकीने काही सांगत आणि ऐकणाऱ्याला तोंडात घास ठेवून कुणी गुणगुणतंय असं वाटे. डोकं लख्ख. वाक्य आत अगदी तयार, विरामचिन्हांसकट. बाहेर पडताना त्याचा गोळा.

लिहून का दाखवत नाहीत, असं लोक विचारत. दाखवलं की! या दुखण्यात अक्षर आक्रसत जातं. काकांची ओळ मोठी सुरू होई आणि शेवटी मुंगीच्या पायाएवढी होई. तरी एकदा त्यांनी चिठ्ठी लिहून थेट तपासणाऱ्या बाईंच्या हातात दिली: वीज कमी करा, मला बोलायचंय. बाईंनी ती भिंगाखाली धरून वाचली आणि काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "बाई, ते पडले होते. दोन तास." बाईंनी मान डोलावली. चिठ्ठी फायलीत लागली आणि काकांच्या जिभेला अजून एक टाका पडला. काकूंचं सगळंच चुकलं असंही म्हणवत नाही. त्या रोज चारला वाचनालयात जायच्या, तासभर वाचत बसायच्या, दोन पुस्तकं बदलून आणायच्या. ते बंद झालं. बहिणीकडे तीन वर्षांत गेल्या नाहीत. दूध आणायला खाली उतरायच्या तर बाहेरून कुलूप लावून, जीव मुठीत धरून उतरायच्या आणि धापा टाकत वर यायच्या. पण काकांच्या वतीने बोलायची त्यांना सवय जडली, आणि ती वाईट. कुणी विचारलं, "काका, कसे आहात?" की काका तोंड उघडायच्या आत काकूंचं उत्तर तयार. "बरे आहेत. झोप लागते. भूक आहे." काका मूग गिळून बसत. दुसरं काय गिळणार?

त्या दिवशी ते पायरीवर बसले होते. भाच्याने एक मोठा स्पीकर नवी कॉइल घालून नुकताच भरला होता आणि तो वाजवून पाहत होता. काकांना रस्त्यापलीकडून कळलं की कॉइल घासतेय. भाच्याला कळेना. काकांनी हातवारे केले, घशातून आवाज काढले. भाचा म्हणाला, "हो मामा, मस्त झालाय." काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते उठले, तरातरा आत गेले आणि चाळीस वर्षांच्या सवयीने स्पीकर उचलून छातीशी कवटाळला. कान टेकवला, अंगठ्यांनी कोन दाबला.

"डावीकडे घासतेय, गाढवा! पट्टी कुठे घातली होतीस?"

भाचा आ वासून बघत होता. काकाही. तो आवाज दोघांनी दोन वर्षांत ऐकला नव्हता. कानशिलातली एक अदृश्य पकड सुटल्यासारखं काकांना झालं. जीभ तोंडात हलकी, ओली, आपली.

"मामा," भाचा म्हणाला, "परत बोल."

"काय बोलू?" काका म्हणाले आणि हसले. "अरे, किती बोलू?" मग उजवा अंगठा कोनावर टकटक वाजायला लागला. मग हात. मग स्पीकरसकट सगळे काका. भाच्याने धावत जाऊन फोन केला. काकू आल्या त्या चप्पल न घालता, गळ्यातल्या पिशवीतून रिमोट काढतच. त्यांनी बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात हात थांबला आणि जीभ पुन्हा दगड झाली.

"दुकान बंद," काकू म्हणाल्या. "पायरीसुद्धा बंद."

झालं. आता घर. दोन खोल्या, एक गॅलरी, बिनकडीची दारं. काका खिडकीशी बसून आपल्याच कवटीच्या एक्स-रेच्या पट्ट्या कापत. भाचा आठवड्याने येऊन घेऊन जाई. कात्री सरळ रेषेत चाले, एक केसभर इकडे तिकडे नाही. असा हात बाजारात कुणाचा नव्हता आणि त्याला काम काय, तर पट्ट्या. पण भाच्याने पट्ट्या न्यायला येताना एकदा खिशातून काहीतरी काढून काकांच्या हातात ठेवलं आणि नजर चुकवली. छोट्या स्पीकरचं कडं होतं, लोहचुंबकाचं, मोज्यात गुंडाळलेलं.

"मी दिलं म्हणून मामीला सांगू नकोस," भाचा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला.

काकांनी ते कडं लोखंडी कपाटाच्या मागच्या अंगाला चिकटवलं. ते वापरलं मात्र नाही. तपासणीला नऊ दिवस होते. नऊ दिवस त्यांनी मनातल्या मनात भाषणाची तालीम केली. चार मुद्दे काढले. भांडायचं नाही, ओरडायचं नाही, बायकोला दुखवायचं नाही. यंत्र बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं मिळतील असा त्यांचा अंदाज होता, म्हणून त्यांनी प्रत्येक मुद्दा घड्याळ लावून मोजला.

हॉस्पिटलात जाताना कडं पँटच्या खिशात होतं, छातीपासून लांब. गाडीत काकूंच्या किल्ल्यांचा जुडगा आपोआप सरकून काकांच्या मांडीला येऊन चिकटला. काकूंनी तो ओढून काढला. "काय हो, किल्ल्या कशाला ओढताय?" काकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

तपासणाऱ्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय काका, कसं चाललंय?"

काकांनी प्रामाणिकपणे तोंडाने उत्तर दिलं. चांगलं लांब वाक्य होतं ते. बाईंनी काकूंकडे पाहिलं.

"बरं चाललंय म्हणतात," काकू म्हणाल्या.

काकांनी खिशातून मोजा काढला आणि गळ्याच्या हाडाखाली दाबून धरला. एक, दोन, तीन, चार, पाच. टेबलावरच्या ताटलीतल्या टाचण्या त्यांच्याकडे वळल्या.

"काका, हे काय करताय?" बाई उठल्या.

"बंद केलंय. दोन मिनिटं ऐका, मग हवं ते करा." आवाज असा सुटला की बाहेर बाकावर बसलेली माणसं दारात डोकावली. आणि आता पहिला मुद्दा यायचा, तर काकांची नजर काकूंच्या चेहऱ्यावर गेली आणि नऊ दिवसांची तालीम वाऱ्यावर उडाली. "ही सांगते ते खोटं आहे! बरं चाललेलं नाही. मला घरात कोंडलंय, आणि घरात कोंडलेल्या माणसाला परत त्याच्याच तोंडात कोंडलंय. माझा हात हलू दे. चहा सांडू दे. पण मला बोलायचंय!"

"खोटं?" काकूंचा आवाजही चढला. "मी खोटं बोलते? दोन तास दाराबाहेर कोण बसलं होतं? तुम्ही आत पडलेले आणि मी..."

"आणि मी आतून काय करत होतो?"

काकूंचा हात गळ्यातल्या पिशवीवर गेला.

"बोलत होतो," काका म्हणाले. "दोन तास तुझ्याशी बोलत होतो. रडू नकोस म्हणत होतो. सुताराला फोन कर, त्याचा नंबर कुठल्या वहीत आहे, ते मीच आतून सांगितलं. आठवतंय? आता पडलो तर काय करू? हाकसुद्धा मारता येणार नाही मला."

काकांचा हात खुर्चीच्या दांड्यावर वाजायला लागला होता, गुडघे एकमेकांवर आपटत होते, हनुवटीही थरथरत होती. "मला हलू दे," ते म्हणाले, "फक्त..." आणि पुढे अंगच लाकडासारखं होऊ लागलं. बाई म्हणाल्या, "आता चालू करायलाच हवं. असं बंद ठेवणं बरं नाही." काकूंनी पिशवीतून रिमोट काढला होता. त्यांनी अंगठा बटणावर ठेवला, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत दोन क्षण थांबल्या, वाक्य पुरं होतंय का बघत. मग दाबलं.

त्यानंतर बाई अडीच तास खपल्या. वाढव, कमी कर, "आठवड्याचे वार म्हणा," "हात पुढे धरा." वाढवलं की हात शहाणा आणि वारांचा काला, कमी केलं की वार लख्ख आणि हात वेडा. सुवर्णमध्य वगैरे काही सापडला नाही. शेवटी त्यांनी रिमोटमध्ये दोन मापं घालून दिली. पहिलं हाताचं, दुसरं जिभेचं. "काका, हवं तसं बदला. पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. आणि तो मोजा इथे ठेवून जा." रिमोट त्यांनी काकूंकडे न देता काकांच्या तळहातावर ठेवला. काकूंनी गळ्यातली रिकामी पिशवी काढून पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर काका खिडकीशी बसले आणि स्थिर अंगठ्याने मुगाएवढं बटण दाबलं.

"अगं, चहा टाक!"

स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आला. काकांना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी भाच्याला फोन करून दहा मिनिटं यथेच्छ झापलं. बायकोच्या बहिणीला फोन करून तिच्या नवऱ्याची चौकशी केली. काकूंना भाच्याचं दुकान, सर्जनचे जाड हात, दोन वर्षांत मनात साठलेले सगळे टोमणे, सगळं ऐकवलं. काकू ऐकत होत्या, मधूनच हसत होत्या. हात केव्हाच सुरू झाला होता. चहा बशीत, बशीतून मांडीवर. पायांत दोऱ्या आवळल्यासारखं व्हायला लागलं तेव्हा काकांनी ठरवलं, पुरे आता, परत जाऊ.

अंगठा बटणावर टेकेना. एकदा शेजारच्या बटणावर गेला, एकदा कडेवर. दुसऱ्या हाताने धरावं तर तोही नाचत होता. दहा-बारा वेळा झाल्यावर रिमोट उडाला आणि पलंगाखाली गेला.

आता त्यांना कळलं. जायला स्वतःचं बोट चालतं, कारण जाताना हात शहाणा असतो. परत यायला चालत नाही.

"अगं ए!" हाक मात्र खणखणीत होती.

काकू आल्या. पलंगाखाली वाकून त्यांनी रिमोट काढला, पदराने पुसला आणि नवऱ्याच्या नाचणाऱ्या हातांकडे बघत समोर बसल्या. बटण दाबलं नाही.

"म्हणजे जायचं तुमच्या बोटाने आणि परत आणायचं माझ्या."

"हो."

"आणि मी नसले तर?"

काकांना वाटलं, ही पुन्हा रिमोट गळ्यात घालणार. ते घाईघाईने म्हणाले, "तसं नको. आपण ठरवून टाकू. तू घरी असशील तेव्हाच मी दुसऱ्यावर जाईन. तू नसशील तेव्हा पहिल्यावर, गप्प. शब्द देतो."

"मी घरी नसते कधी?" काकू म्हणाल्या.

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. वार कोणता असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. काकांनी तोंड उघडलं. आवाज मोकळा होता, जीभ हलकी होती, दोन वर्षं ज्यासाठी तळमळले ते सगळं तोंडात हजर होतं, आणि उत्तर नव्हतं. नऊ दिवस त्यांनी चार मुद्दे घोकले होते. त्यांतला एकही हिचा नव्हता, हे त्यांना आत्ता दिसलं आणि लाज वाटली.

"दाबू?" काकूंनी विचारलं.

"थांब." हात मांडीवर आपटत होते. "वाचनालय अजून चारलाच उघडतं?"

"असेल. का?"

"किती वाजले?"

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. "पावणेचार."

"मग दाब," काका म्हणाले.

काकूंनी रिमोट उचलून धरला. मग त्यांनी दाबलं. हात मंदावला, थांबला. जिभेवर तो ओळखीचा दगड येऊन बसला. काकूंनी रिमोट त्यांच्या शेजारी ठेवला, पट्ट्यांची फिल्म आणि कात्री हाताशी आणून दिली, कपाटावरून धूळ खात पडलेली कापडी पिशवी काढून झटकली. दारापाशी त्या वळल्या.

"तासाभरात येते."

काका काहीतरी म्हणाले. काकूंच्या तोंडावर सवयीचं उत्तर आलेलं दिसलं, पण त्यांनी ते गिळलं. परत आल्या, वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला. "काय म्हणालात? परत सांगा."

काकांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर काकूंना कळलं. सावकाश ये, एवढंच होतं.

"हं," काकू म्हणाल्या आणि गेल्या. दार ओढल्याचा आवाज आला, आणि मागोमाग बाहेरून कुलूप लागल्याचा. हात सवयीने गेला असणार. चपला जिना उतरत गेल्या. काकांनी हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि कात्री उचलून आपल्या कवटीची पुढची पट्टी सरळ कापायला घेतली.